नापासाचा चहा

अण्णांची आणि माझी पहिली ओळख भांडणातनं झाली. गौरवग्रंथात असलं काही लिहू नका म्हणून अण्णांचे चिरंजीव मल्लू यांनी मला आधीच बजावलं होतं. "आक्का, सुरुवात तेवढी गोड करा." पण जे गोड नव्हतं ते मी आता गोड कुठनं करू? मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली बाई आहे, हे गौरव समितीला ठाऊक असूनही त्यांनी मला लिहायला लावलं. तेव्हा जसं येईल तसं वाचून घ्यावं.

आमचे अण्णा, म्हणजे श्री. गुरुपाद मगदूम, पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं गाड्या तपासायचं गॅरेज आहे. सरकारी पासिंगला नेण्याआधी लोक गाडी अण्णांच्याकडं आणतात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, चासी सगळं बघून गाडी ठीक असेल तर अण्णा सही करून चिठ्ठी देतात. सरकारी शिक्का वेगळा आणि अण्णांची चिठ्ठी वेगळी. शिक्का नसला तर दंड होतो. चिठ्ठी नसली तर आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांच्या घशाखाली घास उतरत नाही.

माझे मालक सदाशिव तेव्हा गगनबावड्याच्या रस्त्याला वडापची, म्हणजे शिटा भरून न्यायची, जीप चालवायचे. एकदा संध्याकाळी आले ते बूट न काढता उंबऱ्यावरच बसले.

"झाली का गाडी पास?" मी विचारलं.

"चहा पाजला."

"बरं की मग."

"बरं काय? चहा पाजला म्हणतोय न्हवं."

मला काही उमगलं नाही. खोदून विचारल्यावर सांगितलं. अण्णांच्या गॅरेजात पास झालेल्याला चहा मिळत नाही. तो चिठ्ठी घेऊन घराकडं पळतो. चहा मिळतो तो नापास झालेल्याला. अण्णांनी समोरच्या टपरीला बोटानं खूण केली की अंगणातल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या माना खाली जायच्या. कुणाच्या हातात ग्लास येतोय ते बघायची कुणाची छाती व्हायची नाही.

आमच्या घरात त्या जीपवरच चूल पेटत होती. मी सकाळी उठले आणि थेट उद्यमनगर गाठलं. अण्णा एका ट्रकखाली खड्ड्यात उभे होते. तपासणीच्या खड्ड्यातनं नुसती टोपी आणि बॅटरी दिसत होती.

"जीपमध्ये काय खोट हाय ते मला सांगा," मी वरनं ओरडले.

"कोण तुमी?"

"जीपवाल्याची बायको."

"इथं येणाऱ्या सगळ्या जीपवाल्यांना बायका हायत, बाई. कुठल्या?"

"ज्याला तुमी काल चहा पाजला त्याची."

"काल तिघांना पाजला. पण भांडायला तुमीच आलाय. या खाली."

नेसत्या लुगड्यानिशी मी खड्ड्यात उतरले. अण्णांनी आमची जीप वर आणून उभी करायला लावली. माझा हात धरून एका लोखंडी दांड्याच्या टोकावर ठेवला आणि वरच्या माणसाला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं.

"हाताला काय लागलं?"

"हलतंय."

"काय हलतंय?"

"जे हलायला नको ते."

"मग झालं की. तुमच्या मालकांना तेच सांगत हुतो, तर त्यांना माझा राग आला. आता तुमीच सांगा." आणि खड्ड्यातनं वर येऊन त्यांनी टपरीकडं बोट केलं. मला चहा आला. मीही नापास झाले होते.

जीप दुरुस्त झाली, पण अण्णांनी ती केली नाही. हा त्यांचा कायदा होता. जो तपासतो त्यानं दुरुस्त करायचं नाही, आणि जो दुरुस्त करतो त्यानं तपासायचं नाही. शेजारी पाना घेऊन बसलेले लोक हसायचे, हातातलं काम सोडतोय म्हणून. अण्णा म्हणायचे, "दुरुस्तीपण मीच करायला लागलो की मला सगळ्याच गाड्या बिघडलेल्या दिसतील. न्हायतर सगळ्याच चांगल्या." असं म्हणून ते गाडी दुसऱ्याच्या दारात पाठवायचे, आणि ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून बघायचे. वैताग यायचा. मलाही आला आहे. पण एकदाही त्यांनी अर्धवट बघून सही केलेली मला आठवत नाही.

नंतर अण्णांनीच आमच्या मालकांच्याकडं निरोप धाडला. "तुमच्या घरातल्यांचा आवाज मोठा हाय. आमाला तसलंच माणूस पायजे." काम असं होतं, गाडीच्या मागं उभं राहायचं आणि आत बसलेला माणूस एकेक दिवा लावील तसं ओरडून सांगायचं. ब्रेकचा लागला. डावा लागला. उजवा न्हाय. रिव्हर्सचा न्हाय. माझ्या आवाजाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कामाला लावलं. घरात सगळे गप्प बस म्हणायचे.

त्या वेळचं अंगण आज डोळ्यांसमोर येतं आणि जीव जरा हलतो. बदामाच्या झाडाखाली गाड्यांची रांग, पाठीवर मोर आणि कमळं काढलेले ट्रक, चंदगडच्या गाड्यांच्या चाकांना वाळलेली तांबडी माती. गाडी कुठली आहे ते अण्णा नंबर न बघता खाली वाकूनच ओळखायचे. पत्र्याला भोकं पडलेली असली की गगनबावड्याकडची, तिथला पाऊस लोखंड खातो. एअर फिल्टर उघडल्यावर आत कापसाचा लगदा निघाला की कबनूरची, यंत्रमागाच्या शेडसमोर उभी राहणारी. त्यावरनं अण्णा ड्रायव्हरांची चेष्टा करायचे. "गादी भरायला काढलीया का गाडी?" आता यंत्रं आली. गाडी रोलरवर चढवली की पडद्यावर आकडे उमटतात. चांगलं आहे, माझी पाठ वाचली. पण अण्णा खड्ड्यातनं "तंगी, बॅटरी दे" म्हणून हाक मारायचे, ती हाक आता येत नाही. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मला सख्खा भाऊ नाही. हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, तरी दुसऱ्या आठवड्यापासून मी तंगी झाले.

अण्णांच्या मागच्या शिटाबद्दल लिहायलाच पाहिजे. आमच्या गॅरेजात चिठ्ठीवर जो सही करील त्यानं त्याच गाडीच्या सगळ्यात मागच्या शिटावर बसून पुईखडीच्या उतारावरनं एक फेरी मारायची. मग चिठ्ठी द्यायची. ट्रक असला तर मागं हौद्यात उभं राहायचं. स्वतः अण्णा असोत, मल्लू असोत, नाहीतर मी. शाळेची व्हॅन असली की अण्णा मागच्या लहान बाकड्यावर गुडघे हनुवटीला लावून बसायचे, आणि आम्ही पोटात हसू दाबून धरायचो.

हे कशासाठी, ते मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला अण्णा मला बरोबर घेऊन कबनूरला गेले. एका खोलीत हौसाबाई नावाच्या बाई राहत होत्या. चालताना एक पाय ओढायच्या. अण्णांनी तिळगूळ दिला, त्यांनी अण्णांना शिव्या दिल्या. भाऊ म्हणून शिव्या दिल्या. "वर्साचा येतोस, आन् गूळ असला कडक आणतोस. दात न्हाईत मला."

परत येताना अण्णांनी सांगितलं. हौसाबाई मागावर कामाला होत्या. त्या काळी पाळी सुटली की बायका कापडाच्या टेंपोतनंच घरी जायच्या, मागं हौद्यात बसून. तो टेंपो अण्णांनी तपासला होता. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर नवे. पुढं बसून फेरीही मारली होती. पण मागचा फाळका, म्हणजे हौद्याची झडप, ज्या कडीवर अडकतो ती कडी झिजलेली होती, ती त्यांनी बघितली नाही. वळणावर फाळका उघडला आणि हौसाबाई रस्त्यावर पडल्या. अण्णांना कुणी बोल लावला नाही. कडी तपासायची असं कुठं लिहिलेलंही नव्हतं.

"डायवरला पुढं काच असती, तंगी," अण्णा म्हणाले. "त्याला येणारं दिसतं. मागं बसलेल्याला काय दिसतं? पुढच्याची पाठ. त्यो दुसऱ्याच्या भरवशावर बसलेला असतो. आपण त्याच्याजवळ बसून बघायचं."

 घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी एकदाही भांडले नाही, आणि मला तसं जमत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

अण्णा भिडस्त नव्हते. त्यांचे सख्खे मेहुणे संकेश्वरहून ट्रक घेऊन आले होते, त्या दिवशी अण्णांच्या मंडळींनी, शांताकाकूंनी, घरी होळगी केली होती. कानडीत पुरणपोळीला होळगी म्हणतात. अण्णांनी टायरवरनं हात फिरवला आणि टपरीकडं बोट केलं. मेहुणे चिडले. "जेवायला बोलावून चहा पाजतोस व्हय?" अण्णा म्हणाले, "जेवायचं पण हाय. पण चहा आधी." मेहुण्यांनी रागानं होळगीला हात लावला नाही. मग अण्णाही जेवले नाहीत, आणि काकू दोघांवर चिडून माहेरच्या गप्पा मारायला शेजारी गेल्या. दुपारी चार वाजता दोघं एका ताटात जेवताना मी डोळ्यांनी बघितले. टायर मात्र बदलूनच ट्रक गेला.

चहाचं कारण मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, नापास झालेला माणूस रागात असतो, आणि रागातला माणूस बिघडलेली गाडी घेऊन सुसाट सुटतो. ग्लास गरम असतो, त्याला फुंकर मारावी लागते, तेवढ्यात राग निवतो. तोपर्यंत गाडीची चावी खिळ्याला टांगलेली असते. गाडी ओढून न्यायची, नाहीतर मेकॅनिकला इथं बोलवायचं, पण चालवत न्यायची नाही. गॅरेजचं काम चिठ्ठी दिल्यावर सुरू होतं आणि चिठ्ठी नाकारल्यावरही सुरूच राहतं, असं ते मानायचे. नापास गाडी फाटकाबाहेर गेली आणि कुणाला लागली, तर ती आपल्या फाटकातनंच गेली.

आता माझ्यावर त्यांनी केलेल्या उपकाराचं एकच सांगते. बाकीचे त्यांना आवडणार नाहीत.

काही वर्षं दिव्यांच्या मागं ओरडून झाल्यावर अण्णांनी माझ्या हातात हातोडी दिली. पत्र्यावर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, नटांवर ठोकून आवाज ऐकायचा. चांगलं लोखंड टणकन बोलतं, सैल किंवा कुजलेलं बोलत नाही. मला ते जमायला लागलं. पण ड्रायव्हर ऐकेनात. "बाईमाणसानं बघितलेली गाडी घाटात नेऊ व्हय?" असं तोंडावर म्हणायचे. चंदगडचे एक मिनीबसवाले तर माझी चिठ्ठीच नको म्हणाले. मी हातोडी टाकून घरी निघाले होते. भांडून दमले होते खरी.

अण्णांनी भाषण केलं नाही. खोकत खोकत त्या मिनीबसमध्ये चढले आणि मागच्या शिटावर जाऊन बसले. मला म्हणाले, "तू बघितलीस न्हवं? मग चल." मी त्यांच्याशेजारी बसले. बसवाले पुढं. पुईखडीच्या उताराला गाडी लागली तसा मी पुढच्या शिटाचा दांडा धरला, कारण सही माझी होणार होती. खालच्या वळणाच्या आधी बसवाल्यांनी मुद्दामच ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली. मी अण्णांच्याकडं बघितलं.

अण्णांना झोप लागली होती. टोपी नाकावर आलेली, मान खिडकीला टेकलेली, तोंड थोडं उघडं.

बसवाल्यांनी आरशातनं बघितलं आणि गाडी परत फिरवली. त्यानंतर माझ्या चिठ्ठीवर कुणी बोट ठेवलं नाही. हजार माणसांपुढं माझा सत्कार केला असता तरी त्याची सर त्या झोपेला आली नसती. दुसऱ्याच्या गाडीत अण्णांना डोळा लागत नाही, हे शांताकाकूंना विचारा.

लेख इथं संपवायचा होता. पण मधे मॅटाडोर आली, आणि तिच्यापायी निम्मी समिती माझ्याशी बोलत नाही, म्हणून तेही लिहिते. उगाच कुणी वेगळं सांगायला नको.

अण्णांची जुनी मॅटाडोर गॅरेजच्या मागं झाकून ठेवलेली असते. तरुणपणी अण्णा तीच चालवायचे. लग्न झाल्यावर काकूंना घरी आणलं तेही तिच्यातनंच. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमाला अण्णांना तिच्यातनंच मिरवत न्यायचं असं ठरलं. खरं तर ते अण्णांनीच मनात धरलं होतं. काकू पुढं बसणार, मागं नातवंडं, आणि कबनूरहून हौसाबाईंनाही त्यातच आणायचं. "तिला एकदा नीट गाडीतनं आणतो," असं ते मला म्हणाले होते. वर्षानुवर्षं कशाचा हट्ट न धरणाऱ्या माणसानं एवढा एक धरला होता. मल्लूंनी महिनाभर राबून इंजिन चालू केलं, कागदपत्रं केली, फिका निळा रंग मारला. गाडी नवरीसारखी दिसत होती. तपासायला मात्र माझ्याकडं आली. घरची असली तरी बिनचिठ्ठीची गाडी आमच्या फाटकातनं जात नाही.

इंजिन ठीक निघालं. ब्रेक ठीक. मागच्या शिटाखाली चासीवर हातोडी मारली आणि आवाज आलाच नाही. पुन्हा मारली. रंगाखाली लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरलेली होती, आणि लांबीच्या आत लोखंड पोळीसारखं सुटलं होतं. शिटाचे बोल्ट नुसत्या गंजात उभे होते. नेमकं मागच्या शिटाखाली.

"आक्का, एक दिवसाचा प्रश्न हाय," मल्लू म्हणाले. "बैलगाडीच्या चालीनं नेऊ."

"मग बैलगाडीच आणा."

"तुमी सही करू नका. मी करतो."

"करा की. मग तुमी मागं बसा."

मल्लू बसले नाहीत. त्यांची धाकटी लेक तेवढ्यात त्या शिटावर चढून खिडकीतनं हात हलवत होती. त्यांनी तिला उचलून खाली घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ते चिडले होते, पण माझ्यावर नाही.

नवी चासी घालायला दिवस उरले नव्हते. अण्णांना कोण सांगणार, यावर समितीत नुसती कुजबुज. कुणी म्हणालं, इंजिन बिघडलं म्हणून सांगू. मी म्हटलं, अण्णांशी गाडीबद्दल खोटं बोलणार असाल तर गौरवग्रंथ छापू नका.

सकाळी अण्णा काठी टेकत गॅरेजात आले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना रंग फार चांगले दिसतात, असं ते सांगत असतात. लांबूनच मॅटाडोर बघून हसले. मी टपरीकडं बोट केलं. चहा आला, तो मी त्यांच्यापुढं धरला.

अण्णांनी ग्लासाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मला?"

"व्हय, अण्णा."

अंगणातले सगळे ड्रायव्हर खाली बघायला लागले, जुन्या दिवसांसारखे. अण्णा बाकावर बसले. ग्लास दोन्ही हातांत धरून फुंकर मारत मारत, सावकाश, सगळा चहा प्याले. मधे एकदा मॅटाडोरकडं बघितलं.

"कुठं?"

"मागच्या शिटाखाली."

"हातोडी दे."

त्यांनी वाकून स्वतः ठोकलं. ऐकलं. त्यांचे कान अजून चांगले आहेत. मग रंगावरनं एकदा तळवा फिरवला, म्हशीच्या पाठीवरनं फिरवावा तसा, आणि मॅटाडोरची चावी खिशातनं काढून स्वतःच खिळ्याला टांगली.

"तंगी," ते म्हणाले, "चहात साखर कमी हुती."

"तुमाला डाक्टरनं बंद केलीया."

"नापास माणसाला तरी घालायची."

तर मंडळी, कार्यक्रमाला अण्णा मॅटाडोरमधनं येणार नाहीत. आमचे मालक आता शाळेची मिनीबस चालवतात. तीच सजवून आणणार आहेत. तपासली मी आहे, सही माझी आहे. हे कळल्यावर अण्णांनी एवढंच विचारलं, "मागं जागा हाय न्हवं?" सत्कारमूर्तींनी पुढं बसावं म्हणून समितीनं सांगून बघितलं. पुढं शांताकाकू बसतील. मागच्या शिटावर एका बाजूला हौसाबाई, दुसऱ्या बाजूला अण्णा, आणि मधे मी, कारण माझा कायदा मला चुकवता येणार नाही. हौसाबाईंसाठी तिळगूळ यंदा मऊ केला आहे.

अण्णांना उदंड आयुष्य मिळो. गुडघे चालोत, कान असेच राहोत, आणि स्वतःच्या तपासणीला डॉक्टरांच्याकडं जायचं त्यांनी टाळू नये, ही त्यांच्या तंगीची विनंती आणि दम. आणि त्या दिवशी येताना वाटेत अण्णांचा डोळा लागला, तर कुणी त्यांना उठवू नये. सत्कार थोडा उशिरा झाला तरी चालेल.